शेवटच्या पट्टीवरचा टेपरेकॉर्डर

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. तुमसरकडच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावीला शिकवत होते. एका योजनेतून शाळेला टेपरेकॉर्डर मिळाला, सोबत कवितांच्या कॅसेटी. बाकीचे गुरुजी त्याला हात लावायला भीत. बिघडला तर भरून कोण देणार? मी पुढे झाले. त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं आणि दर आठवड्याला वर्गात कविता ऐकवू लागले. हळूहळू मुलं कॅसेटमधल्या बाईंसारखी बोलायला लागली, 'ण' आणि 'ळ' सुद्धा नीट म्हणायला लागली. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

त्याला कारण होतं. मी धान पिकवणाऱ्या घरातली. शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला भंडाऱ्याला गेले तेव्हा पहिल्याच तासाला "मले माहीत हाय" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर मी घासून घासून बोली पुसली. माझ्या मुलांना कोणी हसू नये, असं मी स्वतःला सांगत असे.

शाळा ही यंत्रं शिकवण्यात कितपत वापरतात, हे पाहायला जिल्ह्याहून एक साहेब आले. उतारवयाचे, कमी बोलणारे. मी कविता लावली, मुलांनी ती पाठोपाठ म्हणून दाखवली. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दारात उभे राहून समाधानानं मान डोलवत होते.

साहेब म्हणाले, "छान. यात मुलांचे आवाज कधी भरले का, बाई?"

"मुलांचे? नाही साहेब."

"मग आज भरून पाहू. तुम्ही रोजच्यासारखं शिकवा."

त्यांनी कोरी कॅसेट घातली, बटणं दाबली आणि टेपरेकॉर्डर नेऊन मुलं बसत त्यातल्या शेवटच्या टाटपट्टीवर ठेवला, जिथं माझी नजर क्वचितच जाई. स्वतः मोठ्या गुरुजींबरोबर बाहेर गेले. मी पाण्याच्या वाफेचा पाठ घेतला. तास मला चांगला वाटला. फळ्यावर चित्र काढलं, प्रश्न विचारले, उत्तरं आली.

मधल्या सुट्टीत आम्ही तिघं मोठ्या गुरुजींच्या खोलीत बसलो आणि साहेबांनी कॅसेट लावली.

आधी माझा आवाज ओळखूच येईना. लांबून येणारा, कडक, न थांबणारा. मी विचारत होते, "उन्हाळ्यात तलावाचं पाणी कमी का होतं?" आणि कोणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत होते, "कारण त्याची?" पुढच्या रांगेतली चार पोरं ओरडत होती, "वाफ!" तीच चार. दर वेळी तीच.

त्यामध्ये, अगदी जवळून, एका मुलीचा आवाज होता. शेवटच्या पट्टीवर बसणारी ती. वर्गात ती बोलत नाही, असंच मी धरून चालले होते. "बाई, मी सांगू?" थोड्या वेळानं पुन्हा, "बाई, मी सांगू का?" मग शेजारणीला हळूच, "बोडीतलं पानी उनानं तपते, मंग वाफ होऊन वरतं जाते." लहान तलावाला आमच्याकडे बोडीच म्हणतात.

शेजारीण म्हणाली, "मंग सांग नं बाईले."

कॅसेट फिरत राहिली. पुढे केव्हातरी ती मोठ्यानं बोलली असावी, कारण माझा आवाज आला, "कोण बोललं बोडी? बोडी नाही, तलाव म्हणायचं. आधी नीट बोलायला शिक, मग उत्तर दे."

वर्ग हसला. त्यात मीही हसले होते. ते हसू कॅसेटवर स्वच्छ आलं होतं.

त्यानंतर ती शेजारणीला म्हणाली, "काहून सांगाचं? हासते बाई."

मोठे गुरुजी घाईनं म्हणाले, "आवाज मात्र स्पष्ट येतो, साहेब." साहेबांनी मशीन बंद केलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि त्यामुळेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी रागावायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "यंत्राचा वापर चांगला आहे, बाई. तसं मी कळवतो."

घरी ताटावर बसले, पण नुसता भात चिवडत राहिले. सासूबाईंनी विचारलं, "काहून वं, जेवत काहून नाही? बरं नाही का तुले?" डोकं दुखतंय म्हणाले. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पुढं बोलावलं. फार गोड बोलून विचारलं, "बोडीतलं पाणी कुठं जातं, सांग बरं." ती फळ्याकडे पाहत म्हणाली, "तलावातलं, बाई." आणि जागेवर जाऊन बसली. मी शेवटच्या पट्टीजवळ उभी राहून शिकवू लागले, तेव्हा ती आणखीच आकसली. वर्ष संपेपर्यंत मी विचारल्याशिवाय तिनं एक शब्द सांगितला नाही. सातवीनंतर तिची शाळा सुटली.

साहेबांनी शब्द पाळला. आमच्या शाळेचं कौतुक झालं, आणि भंडाऱ्याला शिक्षकांच्या मेळाव्यात मला बोलायला बोलावलं. टेपरेकॉर्डरचा वापर कसा करावा, हा विषय. कविता कशी ऐकवावी याचं भाषण मी तयार केलं होतं. उभी राहिले आणि ते विसरले, की नको वाटलं, सांगता येत नाही. त्या कॅसेटवर काय ऐकलं, ते मी सांगून टाकलं. 'हासते बाई' हेही सांगितलं.

अध्यक्षांनी काही शंका असतील तर विचारा म्हटलं. मागून एक गुरुजी उठले.

"बाई, टेपरेकॉर्डरमध्ये एका वेळी घातलेले सेल किती दिवस चालतात?"

"रोज वापरला तर लवकर उतरतात," मी म्हणाले, आणि खाली बसले.