बर्फाच्या कारखान्याची मोटर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आरिफा धनसेला दोन विषयांत केटी लागली, तेव्हा केटी म्हणजे काय हे अब्बांना समजावण्यातच तिचा अर्धा तास गेला.

"म्हंजे नापास," मुख्तारभाई शेवटी म्हणाले.

"नापास नाय अब्बा. पुढच्या वर्गात जाता येतं, फक्त तेवढा पेपर परत द्यायचा."

"म्हंजे एक कॉइल कच्ची ठेवून मोटर बंद करायची," असं म्हणून ते कामाला लागले.

मुख्तारभाईंचं बेलापूर गावात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर आली की ते आतली करपलेली तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं भरायचे, वॉर्निश पाजायचे आणि भट्टीत सुकवायचे. मूळचे ते माणगावकडच्या मोर्ब्याचे. शाळा चौथीपर्यंत. पण त्यांनी भरलेली मोटर दहा वर्षं हलत नाही, असा बेलापूरपासून उरणपर्यंत लौकिक. आरिफा आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी पाटावर बसून वेढे मोजायची. बारावीला बरे मार्क पडले, तेव्हा तिनं इलेक्ट्रिकलच मागितलं. कॉम्प्युटर घे, कॉम्प्युटर घे, म्हणून सगळे नातेवाईक मागे लागले होते, तरी.

नेरुळच्या कॉलेजात सत्तावन्न पोरांत मुली तीन. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मोटर तिला हातानं कळत होती, आवाजावरून कळत होती, वासावरूनसुद्धा कळत होती. पण कागदावर बाण काढून, कोन मोजून, समीकरण मांडून तीच मोटर सांगायची म्हटली की तिची बोटं थिजायची. कुणी आपलीच भाषा परक्या लिपीत लिहायला सांगावं, तसं. एकदा तोंडी परीक्षेत तिनं उत्तर बरोबर दिलं. "असं का होतं?" असं परीक्षकांनी विचारलं, तर ती म्हणाली, "होतं तसं." पोरं हसली. त्या संध्याकाळी घरी येऊन कॉलेज सोडायचं ती बोलली होती. अम्मी म्हणाली, "सोडायचं तर पास होऊन सोड."

पाचव्या सेमिस्टरला, म्हणजे शहाण्णव साली, तीन फेजच्या मोटरीचा धडा आला. टिपणीस सर शिकवायचे. उंच, वाकलेले, खडूनं बाही पांढरी झालेले. त्यांनी सांगितलं की मोटरीच्या अंगातली तार जागची हलत नाही, पण तिन्ही फेज पाठोपाठ येतात म्हणून आतलं चुंबकत्व गोल फिरतं, आणि मधला दांडा त्याच्यामागे धावतो. आरिफा वही मिटून बसून राहिली. तेरा वर्षं ती जे भरत होती, त्याच्या आत हे चाललेलं होतं.

घरी जेवताना तिनं अब्बांना सांगितलं. त्यांनी घास तसाच धरून ऐकलं.

"फिरतं? कुठं फिरतं? मला तर कदी दिसलं नाय."

"दिसत नाय अब्बा. पण फिरतं."

"अल्लाची करनी हाय बाबा," ते म्हणाले. विषय तिथंच संपला.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या दिवाळे गावातल्या बर्फाच्या कारखान्याची मोटर जळाली. कारखाना जेट्टीजवळ, शिवरामशेठचा. शेठ पूर्वी भातशेती करायचे; नवी मुंबईसाठी जमीन गेल्यावर आलेल्या पैशात त्यांनी हा कारखाना टाकला होता. वीस हॉर्सपॉवरची मोटर. मुख्तारभाईंनी ती भरून दिली. दीड महिन्यानं ती परत जळाली. पुन्हा भरून दिली. जानेवारीत तिसऱ्यांदा हातगाडीवरून दुकानात आली, आणि मागोमाग शेठही आले.

"मुख्तारभाई, वय झालं का तुमचं?" शेठ फार मोठ्यानं बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाईबाई भेटली. दिवाळ्याची कोळीण, मुख्तारभाईंच्या घरी वर्षानुवर्षं मासळी द्यायची. तिनं टोपली खाली ठेवली आणि सरळ तोंड सोडलं. "तुजी मोटर बसली न माजी चार पाट्या सुरमय कुजली. बरफ नाय तं आमी काय करावा? तुजे हातान आता काय दम नाय ऱ्हायला, बाबा."

त्या दिवसापासून मुख्तारभाई दिव्याच्या अगदी जवळ बसायला लागले. एकेक सांधा चारचारदा तपासायचे. भरलेली कॉइल उचकटून पुन्हा भरायचे. एकदा आरिफानं पाहिलं, ते दोन्ही हात समोर धरून नुसते बघत बसले होते.

तिनं ती जळालेली मोटर नीट पाहिली. आतल्या कॉइलींपैकी बरोबर तिसरा हिस्सा कोळशासारखा काळा होता. बाकीच्या जवळजवळ नव्या.

"अब्बा, एक फेज गेली असेल तिथली."

"मला काय तेवढं कळत नाय? तिनी वेळा जाऊन दिवा लावून पायला. तिनी फेजवर दिवा पेटतो." त्यांच्याकडे लाकडी पाटीवरचा एक तपासणीचा दिवा होता. तीस वर्षं ते त्याच्यावरच विसंबून होते. "लाइन बरोबर हाय. भरणीच चुकते माजी."

आरिफानं हे टिपणीस सरांना सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, "दिवा पेटतो, म्हणजे किती व्होल्टला पेटतो?"

तिथंच तिच्या लक्षात आलं. दिवा चारशेला पेटतो, तसाच पावणेचारशेलाही पेटतो. डोळ्याला तेवढा फरक कळत नाही.

सरांनी लेखी परवानगी देऊन प्रयोगशाळेतले दोन मीटर तिला आठवडाभर दिले. शेठना विचारलं, तर ते म्हणाले, "बघ पोरी, तुला काय बघायचं ते. पण मोटरीला हात लावायचा नाय." ती मोटर मुख्तारभाईंनी तिसऱ्यांदा भरून नुकतीच बसवली होती.

पहिल्या दिवशी सकाळी तीन तास ती आकडे लिहीत बसली. चारशे दहा, चारशे आठ, चारशे अकरा. सगळं सरळ. दुसऱ्या सकाळी तेच. कारखान्यातली माणसं हसायला लागली. आरिफालाही वाटायला लागलं, की खरंच अब्बांचे हात गेले असतील, आणि आपण ते आकड्यांनी सिद्ध करायला इथं बसलो आहोत. या विचारानं तिला मीटर उचलून घरी जावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात तास होते म्हणून ती कारखान्यात दुपारी गेली. मीटर लावून दहा मिनिटं झाली असतील, एक काटा एकदम खाली बसला. तीनशे शहात्तर. मीटर हलवून पाहिले, तर फेजांच्या बाकीच्या दोन जोड्या चारशेच्या आसपास. थोड्या वेळानं काटा वर गेला, परत बसला. मोटरीचा आवाज जाडसर झाला होता. ती बाहेर आली आणि कारखान्याच्या मागं गेली. तिथं शेठच्या पुतण्यानं पावसाळ्यानंतर होड्यांच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं होतं, आणि वेल्डिंग मशीन लावलेलं होतं. त्याची वायर खिडकीतून आत येऊन कारखान्याच्याच स्विचवर, दोन फेजमध्ये जोडलेली होती. रस्त्यापासून जेट्टीपर्यंत आलेली केबल लांब आणि बारीक. वेल्डिंगचा ओढा लागला की त्या दोन फेजमधलं व्होल्टेज बसायचं.

शेठना पटेना. "तेवढ्याशा फरकानं मोटर जळते?"

"काका, तिन्ही व्होल्टेजच्या सरासरीपासून एकात शंभराला चारचा फरक पडला, तर मोटर तिसऱ्या हिश्श्यानं जास्त तापते. त्यात तुमच्या माणसानं स्टार्टरमधला रिले पार टोकाला फिरवून ठेवलाय, म्हणजे तापली तरी ती बंदही पडत नाय. भरणी कुणाचीपण असू दे, जळणारच."

तिनं पुतण्याला वेल्डिंग लावायला सांगितलं, मग बंद करायला, मग परत लावायला. काटा दरवेळी बसला आणि उठला. शेठ मीटरकडे बघत राहिले. मग पुतण्याकडे. त्या आठवड्यात वेल्डिंगला वेगळी केबल पडली, आणि ती मोटर पुन्हा दुकानात आली नाही.

आरिफाला वाटलं होतं, अब्बा हसतील, निदान सुस्कारा तरी टाकतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, "दिवा पेटत व्हता, तरीपन?" आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

"अब्बा, तुमची चूक नव्हती."

"माजी नव्हती," ते म्हणाले. "मग सितारामची तरी व्हती का?"

सिताराम कोण, हे तिला अंधुक आठवत होतं. ती लहान असताना दुकानात एक कारागीर असायचा, तिला तारेच्या बांगड्या करून द्यायचा. चौऱ्याऐंशी साली त्यानं भरलेली भातगिरणीची मोटर महिन्यात दोनदा जळाली. मुख्तारभाईंनी गिरणीत जाऊन दिवा लावून पाहिला. लाइन बरोबर होती. मग चूक माणसाचीच. त्यांनी सितारामला बाजारातल्या नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, दहा माणसांसमोर सांगितलं की तुझ्या हातात खोट आहे, पिऊन भरतोस तू. सिताराम पीत नव्हता. तो तसाच उठून गेला. त्यानंतर आसपासच्या कुठल्याच दुकानानं त्याला कामावर ठेवलं नाही.

त्याचा पत्ता लागायला तीन आठवडे गेले. एका रविवारी बापलेक दिघ्याला गेले. चढावरच्या दाट वस्तीत, विचारत विचारत, एका खोलीपाशी. सिताराम एका कंपनीत वॉचमन होता. केस पिकलेले, पण अंगानं ताठ. त्यानं स्टूल पुढं केलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

मुख्तारभाईंनी सांगायला सुरुवात केली, पण व्होल्टेजचं त्यांना नीट सांगता येईना. मग आरिफानं सांगितलं. हळूहळू, दिवा, मीटर, तीनशे शहात्तर आणि चारशे. तिला जाणवलं की आपण अडखळत नाही आहोत. असं का होतं, ते सांगता येत होतं.

सितारामनं सगळं ऐकलं. "मग त्या गिरणीत पन असंच झालं व्हतं?"

"ते नाय सांगता येत, काका," ती म्हणाली. "गिरणी आता राहिली नाय. तेव्हा कुणी मीटर लावला नव्हता. असंही असेल, नसेलही."

"बरोबर," सिताराम म्हणाला. "मीबी बारा वर्षं हाच इचार केला. कदी वाटायचं, माजंच चुकलं आसंल. कदी वाटायचं, नाय." मग तो मुख्तारभाईंकडे वळला. "तू इथं घरात येऊन सांगतोस, भाई. बोलला व्हतास बाजारात."

मुख्तारभाईंनी मान खाली घातली. "चल मग. बाजारात सांगतो."

पुढच्या रविवारी सिताराम बेलापूरला आला. स्वच्छ धुतलेला शर्ट घालून. टपरी तिथंच होती, मालकाचा मुलगा आता चालवायचा. चौऱ्याऐंशीच्या दहा माणसांतली दोघं वारली होती, तिघं गाव सोडून गेली होती. उरलेल्यांतले चार जण मुख्तारभाईंनी घरोघरी जाऊन गोळा केले होते. मुख्तारभाई उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या मानसाला मी हितं बोललो व्हतो, की ह्याच्या हातात खोट हाय. नीट न बघता बोललो. खोट कशात हाय ते मला म्हायती नव्हतं, तरी बोललो."

ऐकणाऱ्यांतल्या तिघांना तो प्रसंग आठवतच नव्हता. एक म्हातारा म्हणाला, "आरं, आमी तं इसरलो पन." सितारामनं त्याच्याकडे पाहिलं. "मी नव्हतो इसरलो," तो म्हणाला, आणि चहा प्यायला.

घरी परतताना आरिफानं विचारलं, "बरं वाटलं का, अब्बा?"

"नाय," मुख्तारभाई म्हणाले. "बारा वर्षं गेली त्याची. पन सांगायला पायजे व्हतं."

आरिफाच्या दोन्ही केट्या तर दुसऱ्या वर्षीच सुटल्या होत्या. त्या वर्षी इलेक्ट्रिकल मशिन या विषयाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला वीस मिनिटं थांबवून ठेवलं. सुरुवातीला तपासायला म्हणून, नंतर ऐकायला म्हणून. अठ्ठ्याण्णव साली ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात मोटर तपासणीच्या विभागात लागली. सिताराम दुकानात परत आला नाही. नोकरी पक्की होती, पेन्शन मिळणार होतं. पण ईदला शीरखुर्मा प्यायला तो यायला लागला, आणि मुख्तारभाई गणपतीत दिघ्याचा तो चढ चढून जायला लागले. दोघं एकमेकांसमोर बसून फारसं बोलत नसत. बोलले तर मोटरींबद्दलच बोलत.