घोटभर कोणासाठी ठेवलं?

मालिशवाल्या आजी बाळाला हात लावायच्या आधी बाळाच्या आईचा पेला तपासत. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी त्या रोज सकाळी आल्या की पहिला प्रश्न, "दूध घेतलं का वं?" माझी लेक तेव्हा महिन्याची होती आणि दुधाच्या नुसत्या वासानं मला मळमळायचं. मी सरळ खोटं बोलायचे. त्या स्वयंपाकघरातून भरलेला पेला घेऊन यायच्या. बाई कसली, फौजदारच.

"लेकरू मांगून नाही घेत," त्या म्हणायच्या. "तू खाल्लं नाही त तुह्या हाडातून घेते. मंग कंबर धरून बसशील." मला वाटलं, असेल जुनी समजूत. पण डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं, अंगावर पाजताना आईच्या हाडांतलं कॅल्शियम दुधात उतरतं म्हणून, तेव्हा मला पटलं. दुधासोबत आजींनी आणलेला तिळाचा लाडूही खाऊ लागले. एकदा पेल्याच्या तळाशी थोडं राहिलं, तर म्हणाल्या, "घोटभर कोणासाठी ठेवलं?" मी तेही प्याले.

त्यांची स्वतःची पाठ मात्र पार वाकलेली. पाच बाळंतपणं, आणि दिवसभर काळा चहा. डॉक्टरांना विचारून मी त्यांच्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. महिन्यानं कळलं, त्या त्यांनी हुडकेश्वरच्या एका बाळंतिणीला देऊन टाकल्या. "ते पोरगी लय अशक्त आहे. माह्या हाडाचं काय करता आता?" मला असा राग आला की दोन दिवस मी धड बोलले नाही.

गेल्या वर्षी न्हाणीत त्यांचा पाय घसरला. नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण पकड परत आली नाही. मालिश सुटली. कन्हानला दिलेली लेक त्यांना घेऊन जाणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी दूध आणि लाडू घेऊन गेले आणि समोर बसून म्हटलं, "आधी हे घ्या, मग बोलू."

"मले असं कोणी म्हटलंच नाही वं," एवढंच त्या म्हणाल्या. मला रडू आवरेना. दूध पिऊन त्यांनी डाव्या हातानं पेला माझ्याकडे सरकवला. तळाशी थोडं शिल्लक होतं.

"घोटभर कोणासाठी ठेवलं?" मी विचारलं.

"लेकरायसाठी ठेवत होती. सवय पडली," त्या म्हणाल्या, आणि पेला परत ओढून घेतला.