उभा दगड

"घरचा की पाहुणा?"

जंगलात कुणी दगड उचलला की सर हाच प्रश्न विचारायचे. खडक जिथं घडला तिथंच असेल तर तो घरचा. नाल्यानं वाहून आणला, कुणी आणून टाकला, तर पाहुणा. पाहुण्याच्या भरवशावर नकाशा काढायचा नाही, ही त्यांच्या भूशास्त्राची पहिली शिकवण. मग तो दगड खाकी पँटवर पुसून ते जिभेनं ओला करायचे, कारण ओल्या दगडाचे कण नीट कळतात. नवी पोरं तोंड फिरवून हसायची. आम्हीही हसलो होतो.

नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होती तेव्हाची ही गोष्ट. हिवाळ्यात सर आम्हा बी.एस्सी.च्या पोरांना घेऊन चांदा जिल्ह्यात कॅम्पला यायचे. वडशाला रेल्वेतून उतरायचं आणि बंडीनं कुरखेड्याकडचं जंगल गाठायचं. वर्गात हा माणूस निम्मे शब्द गिळायचा. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील, तास कधी संपतो याची वाट पोरांपेक्षा त्यांनाच जास्त. पण वडसा आलं की सरांचा आवाज चढायचा, बोली बदलायची, आणि भूक अशी खवळायची की भाताचं पातेलं त्यांच्यापासून लपवून ठेवावं लागायचं.

त्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं होतं. खडकाचा उतार मोजताना यंत्रावरचा आकडा सर स्वतः वाचेनात. "तू वाच. परीक्षा तुही हाये, माही नाई." आम्हाला वाटलं, शिकवायची पद्धत असेल. एका सकाळी त्यांनी वाटेवरच्या वारुळाला "रामराम पाटील" केला. आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले, पण जरा उशिरा. मला एकदम भीती वाटली.

संध्याकाळी नाल्यावर त्यांनी मला एकट्याला गाठलं.

"समजलं ना तुले?"

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसावी.

"कॉलेजात बोलू नको, राजा. खुर्चीवर बसवून ठेवतीन मले. फील्ड गेलं तर माह्यापाशी राह्यते काय?"

घरी त्यांचं कुणी नव्हतं. वर्षातले हे थोडे दिवस सोडले तर त्यांना जगण्यात फारसा रस नव्हता, हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाच्या शिवेवर झाडीत एक लांबट दगड जमिनीतून सरळ वर आलेला होता. सरांनी हात फिरवला आणि खूश झाले. "पाहा, थर कसे उभे हायेत!" कुणी काही बोलायच्या आत हातोडा पडला आणि कोपऱ्याचा टवका उडाला.

मोहाच्या झाडामागून एक गोंड बाई ओरडत आली. "माह्या बापाचा गोटा हाये थो! काऊन फोडला?"

मेलेल्या माणसाच्या नावानं गावानं उभा केलेला दगड होता तो. शेजारी आणखी तसेच होते, त्यांवर हळद होती. आम्हाला ते आता दिसले. जन्मभर घरचा-पाहुणा करणाऱ्या माणसानं माणसांच्या हातानं रोवलेला दगड फोडला होता.

गाव जमलं. पाटील पुढं आला. "पाहून मारला का?" एवढंच त्यानं विचारलं. आमच्यातला एक हुशार पोरगा लगेच म्हणाला, "मी मारला, भाऊ. नवा आहे मी, चुकलं."

सरांनी त्याला हातानं मागं सारलं.

"नाई. म्या मारला." मग ते आवाजाच्या रोखानं बाईकडे वळले. "मले दिसत नाई, बाई. लय दिवसापासून दिसत नाई. पोरांपासून लपवून राह्यलो होतो."

आम्ही सगळे खाली पाहत उभे होतो.

बाईनं त्यांचं मनगट धरलं आणि तळवा त्या फुटक्या कोपऱ्यावर ठेवला. "हा माहा बाप. अन् बाजूचा थो माहा आजा. डोये नाई तं बोलाव लागते ना, बावा." सरांनी हात काढला नाही. माफ कर, माफ कर, असं काहीतरी ते पुटपुटत होते. शेवटी तिनंच त्यांना हाताला धरून नाल्यापर्यंत आणून सोडलं. वाटेत ते दोनदा ठेचकाळले. एरवी सर पुढं आणि आम्ही धापा टाकत मागं असायचो.

नागपूरला पोचल्यावर त्यांनी स्वतःच विभागप्रमुखांना सांगितलं. त्यांना लागलीच फील्डवरून काढलं.

पुढच्या हिवाळ्यात तरुण सर आले. चांगलं शिकवायचे, आकडे स्वतः वाचायचे. त्या गावाजवळ पोचलो तर बाई नाल्यावरच उभी होती. तिनं आमचे चेहरे एकेक करून पाहिले.

"बुढे मास्तर कुठी?"

"ते आता येत नाहीत, बाई."

तरी ती बंडीच्या मागं जाऊन पाहून आली. "मंग सांगाचं ना," ती म्हणाली. "म्या तं त्याईच्यासाठी वाट साफ केली."

आम्ही वळून पाहिलं. नाल्यापासून थेट गावापर्यंत वाटेवर एकही दगड नव्हता.