डोंगर गुरगुरला तेव्हा दाजी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णेत घरी दाढी करत होतो. "मामा, दादा गेले..." भाचा एवढंच बोलू शकला. अर्धी दाढी तशीच ठेवून मी पोखर्णीची वाट धरली. दाजी असते तर त्या अर्ध्या दाढीवरून त्यांनी मला वर्षभर सोडलं नसतं. महिना झाला आता. एक गोष्ट मनाला खुपते आहे, ती लिहून टाकतो.

काही वर्षांपूर्वी दाजींचे जावई नोकरीसाठी जावा बेटावर होते. लेकीनं बोलावलं, तेव्हा सोबत म्हणून अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, मला पाठवलं. "ह्यांना एकटं सोडू नको," एवढंच तिनं बजावलं. मी रेल्वेतला निवृत्त गार्ड, माणसं सांभाळून नेण्यात जन्म गेलेला. छातीवर हात ठेवून हो म्हणालो.

तिथं एक जागता ज्वालामुखी आहे, काठापर्यंत पायऱ्या आहेत. लेक-जावई खाली गाडीपाशी थांबले. दाजींनी पिशवीतून पोखर्णीहून आणलेला नारळ काढला. इथं नारळांना काय तोटा, असं जावई म्हणाले. "आसंल, पर ह्यो नरसिंहाच्या पायाला लावलेला हाय," दाजी म्हणाले.

वर गंधकाचा असा वास की डोळ्यांतून पाणी. दाजी मात्र हात जोडून बसले. "लय कडक देव हाय मेव्हणे. आपल्या नरसिंहासारखाच." त्यांनी नारळ फोडला आणि डोंगर गुरगुरला. पायाखालची जमीन हलली, काळा धूर उसळला, राख पडायला लागली. लोक पायऱ्यांकडे धावले.

"दाजी, उठा, चला!"

"थांबा की. खोबरं काढायलोय. फोडलेला नारळ वाटल्याबिगर उठायचं आसतंय का?"

मी थांबलो नाही. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला मी, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी खाली पोचलो.

अर्ध्या तासानं दाजी सावकाश उतरले. टोपी, मिशा, धोतर, सगळं राखेनं माखलेलं, उपरण्यात खोबऱ्याचे तुकडे. गोऱ्या पाहुण्यांसकट सगळ्यांना त्यांनी प्रसाद वाटला. मला सगळ्यात मोठा तुकडा दिला. गावी आल्यावर दर लग्नात सांगायचे, "मेव्हणे मदत आणायला पळाले म्हणून मी वाचलो." दरवेळी मी आणखी थोडा शूर व्हायचो. शेवटी शेवटी तर मी राखेतून दोन बायकांनाही बाहेर काढलं होतं. मी मान खाली घालून जेवत राहायचो.

तेराव्याला कुणीतरी तीच गोष्ट काढली आणि मला राहवेना. आत जाऊन अक्कासमोर बसलो. म्हणालो, "अक्का, मी त्यांना टाकून पळालो होतो गं..."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं त्यांनी. म्हणले, त्याला बोलू नको, लय मनाला लावून घील." मग म्हणाली, "पर आसं पळणारं माणूस जिंदगीत बघितलं न्हाई, आसंबी म्हणले."

त्या तेरा दिवसांत अक्का पहिल्यांदा हसली. मला मात्र तेव्हाच रडू फुटलं.