काकूंनी ऐकलेला भाग

“खोटं बोलतोय मेला,” काकू म्हणायच्या. मान जरा कललेली, डावा कान टीव्हीकडे आणि नजर भलतीकडेच. मालिकेतला खुनी त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत पकडलेला असायचा.

गोखिवऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत. यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. सगळी नोकरी मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून केलेली, त्यामुळे माणूस त्यांना तोंडावरून नाही, आवाजावरून कळायचा. जिन्यात मी नुसता खाकरलो तरी आतून विचारायच्या, “काय रे, सर्दी झाली का?”

मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत मालिकांवर लिहितो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरात बसून दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवायची आणि वर स्वतःचं नाव छापून आणायचं. खरं सांगायचं तर त्यातली अर्धी अक्कल काकूंची असे. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जायचं, त्यांनी बोलायचं आणि मी मनात टिपून घ्यायचं. मीही एकटाच. आठवडाभरात माझ्याशी कुणी तासभर बोलायचं ते तेवढंच, हे आता कबूल करतो.

एकदा त्या गुन्ह्यांच्या मालिकेचा एक भाग नुसत्या संवादांचा आला. एक खोली, एक टेबल, एक इन्स्पेक्टर आणि खुनाचा संशय असलेला म्हातारा वॉचमन. पाठलाग नाही, गोळीबार नाही. चाळीस मिनिटं नुसते सवाल-जवाब. मी जांभया देत पाहिला आणि लिहून मोकळा झालो: बडबड फार, बघण्यासारखं काही नाही.

काकू मात्र खूश होत्या. त्यांनी तो भाग दोनदा लावला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गोष्ट पुरती कळली, म्हणाल्या. वॉचमन निर्दोष आहे याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. “उत्तर देण्याआधी श्वास घेतो तो. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर तयार असतं.”

मला चेव आला. म्हटलं, काकू, तुम्ही पण कमाल करता, त्याच्या सदऱ्यावर एवढा रक्ताचा डाग होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसत होता.

कपाकडे गेलेला त्यांचा हात बशीच्या कडेला चाचपडत राहिला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. हा शहाणा समीक्षक दोन वर्षं समोर बसून चहा ढोसत होता आणि त्याला एवढंही दिसलं नव्हतं.

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“त्याला सांगू नकोस,” काकू म्हणाल्या. “लगेच घेऊन जाईल. तिथे सगळी दिवसभर कामावर. मी अनोळखी घरात भिंती चाचपत बसू का? इथे मला माझं सगळं सापडतं.”

मी शब्द दिला. दोन महिने पाळलाही. मग एका शनिवारी त्यांच्या मनगटावर भाजल्याचा भला मोठा फोड दिसला. फोडणी करताना पदर पेटला होता. विझवला की हाताने, म्हणाल्या, त्यात काय. मी घरी आलो, तासभर येरझाऱ्या घातल्या आणि मुलाला फोन लावला. चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण बरं केलं असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला. दुपारपर्यंत फ्लॅटला कुलूप लागलं. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. काकू मुलाचा हात न धरता आल्या, कठड्यावर बोटं टेकवली. म्हटलं, “काकू, मी येईन पुण्याला. शनिवारी येईन.”

त्या थांबल्या. मग मुलाकडे तोंड वळवून शांतपणे विचारलं, “कोण आहे रे?”