लोंकोची मुलगी

शारजाहून दुबईतल्या रास अल खोरला कामावर जाताना रोजचा जॅम ठरलेला. फळं मागवणाऱ्या एका कंपनीत मी अकाउंट्सला होते आणि माझ्याबरोबरची एक मुलगी चिलीहून येणाऱ्या सफरचंदांच्या ऑर्डरी बघायची. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, म्हणून ती माझ्या गाडीतून यायची. ती मापुचे, चिलीतल्या मूळच्या लोकांपैकी. वडिलांविषयी मात्र कधी बोलायची नाही.

एका सकाळी गाडीत तिला भावाचा फोन आला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"काय झालं गं?"

"बाबांनी तुरुंगात अन्न सोडलंय."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनीवर लाकडाच्या एका कंपनीने पाइन लावले, त्या झाडांनी पाणी ओढलं आणि गावाच्या विहिरी आटल्या. वडील गावाचे लोंको, म्हणजे प्रमुख. अर्ज करून थकले, तेव्हा लोकांना घेऊन त्यांनी कुंपण तोडलं आणि आत बटाटे लावले. पोलीस आले, मारामारी झाली, कंपनीचे ट्रक जळले. ट्रक कोणी जाळले, हे त्यांनी कोर्टात शेवटपर्यंत सांगितलं नाही.

"पेपरात त्यांना अतिरेकी म्हणतात," ती म्हणाली. "मला आठवतं, ते पहाटे नदीवर न्यायचे आणि पाण्याशी बोलायला लावायचे."

"आणि आता उपास कशासाठी?"

"आजी अंथरुणाला खिळलीय. तिला एकदा भेटू द्या, एवढंच मागतायत."

त्यानंतर रोज गाडीत बसल्या बसल्या परवानगी मिळाली का, असं मी विचारायचे आणि ती नकारार्थी मान हलवायची. आपला डबाही ती तसाच परत न्यायची. अखेर परवानगी मिळाली, एका दुपारपुरती. भावाने व्हिडिओ कॉल लावला. वडील पार वाळले होते, दोन्ही बाजूंना पोलीस. आजी त्यांच्या गालांवरून हात फिरवत होती. मग ते फोनकडे वळून आपल्या भाषेत काहीतरी बोलले. हिने उत्तर दिलं ते स्पॅनिशमध्ये, आणि ढसाढसा रडली.

"काय म्हणाले?"

"बटाटे काढायला ये, म्हणाले. मला त्यांच्या भाषेत हो म्हणायलासुद्धा सुचलं नाही."

त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. मी म्हटलं, "सुट्टी घेऊन जा की." ती म्हणाली, "सुट्टीवर गेलं की परत यावं लागतं."

वडील अजून आतच आहेत. ती दर आठवड्याला भेटायला जाते, त्यांच्याशी अडखळत त्यांच्याच भाषेत बोलते. हे ती फोनवर सांगत होती, तेव्हा मागे कुत्रं भुंकत होतं, वारा वाहत होता. फोन ठेवल्यावर मी साताऱ्याला आईला लावला.

"कधी येतेस?" आईने विचारलं.

"बघू, दिवाळीत. इन्शाल्ला," माझ्या तोंडून निघालं.

"म्हणजे नाही ना?" आई म्हणाली.