शेडचं तोंड पश्चिमेला

मंडळी, आज सकाळी आमच्या मेंढपाळ संस्थेची बैठक झाली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सगळ्यांच्या मेंढ्यांसाठी एक मोठं शेड बांधायचं आहे. त्यासाठी पुण्याहून सल्लागार नेमला. त्याने भिंतीवर नकाशा दाखवला, तर शेडचं तोंड पश्चिमेला. पावसाळ्यात वारा आणि पावसाचा मारा आमच्याकडे तिकडूनच येतो. मी उठून तसं बोललो. सल्लागार साहेब म्हणाले, "बाबा, डिझाइन फायनल झालंय."

बैठक सुटल्यावर चेअरमनला गाठलं. तो माझा पुतण्याच.

"तुला तरी ही चूक दिसतीय का रं?"

"काका, तुमचं बरोबर हाय. पर तुमी चौथी पास. तुमच्या बोलण्यावर बांधलं अन् चुकलं, तर लोक मला धरतील. त्या साहेबाची सही असली म्हंजी मी मोकळा."

"मग शेड नीट व्हावं म्हणून न्हाई आणला त्याला?"

तो चहाला निघून गेला.

सोमवारी पाया खोदणार आहेत. माझी कोकरं त्याच शेडात राहणार.

तुमच्याकडेही बाहेरचा माणूस असाच नेमतात का? कोणी वेळेवर थांबवलं असेल, तर कसं थांबवलं ते आजच लिहा.